सावीसार म्हणजे फक्त लाचेच्या आरोपातला टॅलिनचा महापौर?

गवतीचहा: "एस्टोनियाने गाणी गात सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य मिळवलं, सावीसारसारख्या लाचखोराला त्याचं श्रेय कशाला?" असं परवा एका सदस्याने लिहिलं. वाचून राहवलं नाही. केजीबी शाबूत असताना १३ एप्रिल १९८८ ला टीव्हीवर लोकआघाडीची, म्हणजे सुधारणांसाठीच्या जनचळवळीची, कल्पना मांडली ती एडगर सावीसारनेच. १५ मे १९९० ला स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या इंटरफ्रंटवाल्यांचा जमाव टूम्पेआच्या, म्हणजे टॅलिनमधल्या सरकार-संसदेच्या, आवारात घुसला, तेव्हा रेडिओवरून लोकांना हाकही त्यानेच दिली. हजारो माणसं धावली, घुसलेल्यांना वाट करून दिली आणि रक्त न सांडता बाहेर काढलं. हे गाण्यांनी झालं?

तर्कट: अहो, तो कम्युनिस्ट पक्षातला, नियोजन समितीतला माणूस! वारं फिरल्यावर फिरला. पंतप्रधान असताना जानेवारी १९९२ मध्ये आणीबाणीचे अधिकार मागितले आणि पद सोडायची वेळ आली. १९९५ ला गृहमंत्री असताना नेत्यांची बोलणी चोरून टेप केल्याचं प्रकरण निघालं, सरकार पडलं. याला लोकशाहीवादी म्हणायचं?

गवतीचहा: त्याचा जन्म हार्कूच्या महिला तुरुंगात झाला, आई कैदेत होती. वारं बघून फिरणाऱ्याचं हे चरित्र नव्हे. आणि लाचेचा खटला प्रकृतीमुळे थांबवला, दोषी कधीच ठरला नाही.

लास्नामाएकर: मी राजधानीत, टॅलिनला राहतो. शेजारच्या रशियन आजी सोव्हिएत काळात कारखान्यात कामाला आल्या, अजून करडा, म्हणजे बिननागरिकांचा, पासपोर्ट. १९९२ ला १९३८ चा नागरिकत्व कायदा परत लागू केला. १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज आत, बाकीच्यांनी भाषेची परीक्षा द्या. लोकसंख्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला त्या सप्टेंबरच्या निवडणुकीत मत नव्हतं. आजी म्हणतात, आम्हाला माणसांत धरलं ते सावीसारने.

तार्तूची_सून: मत हवं होतं म्हणून धरलं! स्थानिक निवडणुकीत बिननागरिकांना मत होतं, त्यावरच त्याचा सेंटर पक्ष टॅलिनमध्ये पोसला. माझ्या नवऱ्याच्या आजीला मार्च १९४९ मध्ये मालगाडीत कोंबून सायबेरियाला नेलं. वीस हजारांवर माणसं नेली. त्या परत आल्या तर घरात दुसरेच. परीक्षा द्या म्हटलं तर अन्याय? मी मराठी बाई, एस्टोनियन शिकले. चौदा विभक्ती पाठ केल्या.

लास्नामाएकर: तुम्ही तरुणपणी, हौसेने गेलात. सत्तरीच्या बाईला विभक्ती शिकवता? त्या आजींनी कोणाला गाडीत कोंबलं?

तार्तूची_सून: आणि आमच्या आजींनी काय केलं होतं? तीस वर्षांत दुकानात "तेरे" (नमस्कार) म्हणायलाही शिकायचं नाही, याला वय कारण नाही.

गवतीचहा: नागरिकत्वासाठी वेगळा धागा काढा, कृपा करून.

तर्कट: कशाला? मुद्दा तोच आहे. लोकआघाडी म्हणत होती इथे राहणाऱ्या सगळ्यांना बरोबर घ्या, जुन्या नागरिकांनी निवडलेली नागरिक काँग्रेस म्हणत होती सोव्हिएत कब्जा बेकायदा, म्हणून १९४० पूर्वीचं प्रजासत्ताक कायद्याने अखंड. जिंकली काँग्रेसची बाजू. १५ मे चं श्रेय घ्या तुमच्या सावीसारला, तेवढं देतो. पण राज्याचा पाया त्याचा नाही.

गवतीचहा: २० ऑगस्ट १९९१ ला ६९ मतांनी स्वातंत्र्याचा ठराव झाला तो सर्वोच्च सोव्हिएतमध्ये, म्हणजे तेव्हाच्या संसदेत, काँग्रेसमध्ये नव्हे. पंतप्रधान कोण होतं, ते लिहा आधी.