बीळ दगडात टिकतं कसं?
जुन्या दगडांत प्राण्यांची बिळं सापडतात म्हटल्यावर एकांनी विचारलंय, बीळ म्हणजे नुसती पोकळी, ती दगडात टिकणार कशी? आमच्याकडे गिरणा नदीची दरड कोसळली की बघा. काळ्या चिकणमातीत बोटभर जाडीच्या पांढुरक्या वाळूच्या कांड्या दिसतात. खेकड्याचं बीळ, पुराच्या वाळूनं भरलेलं! तेच कोट्यवधी वर्षं दाबलं गेलं की दगड.

ट्रेप्टिक्नस पेडम हे असंच बीळ. ते करणाऱ्या प्राण्याचा देह टिकला नाही ते सोडा, पण एकाच बिळातून पुन्हापुन्हा वर फाटे काढलेत, म्हणजे चिखलात घुसायला लागणारे स्नायू होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या खडकातल्या याच खुणेवरून १९९२ मध्ये कँब्रियन या पृथ्वीच्या इतिहासातल्या कालखंडाची सुरुवात ठरवली, सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वीची.

आणि हो भाऊ, अजिंठ्याच्या डोंगरातल्या काळ्या पाषाणात असली बिळं शोधत बसू नका. तो थिजलेला लाव्हा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.