हवा तासाभरापूर्वीच भरली होती, तरी कमी हवेमुळे टायर फुटू शकतो का?

नमस्कार.

गेल्या आठवड्यात ताशी साधारण 90 किलोमीटर वेगाने जात असताना माझ्या गाडीचा डावीकडचा मागचा टायर फुटला. गाडीत आम्ही पाच जण होतो आणि डिकी सामानाने भरलेली होती. शेजारची मार्गिका रिकामी असल्यामुळे गाडी कडेला घेता आली आणि कोणाला इजा झाली नाही. परंतु गाडीचा मागचा भाग आधी एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला ओढला गेला, तो क्षण अजून मनातून जात नाही, आणि कारण नीट समजल्याशिवाय मुलांना घेऊन पुन्हा लांब निघण्याचे धैर्य होत नाही.

टायर बदलून देणाऱ्या कारागिराने पाहताक्षणीच सांगितले की हा टायर कमी हवेवर चाललेला आहे. मला ते पटले नाही. टायर फुटण्याच्या तासभर आधी आम्ही इंधनासाठी थांबलो होतो आणि तिथेच मी चारही चाकांची हवा तपासून घेतली होती. माझ्या गाडीसाठी 33 पीएसआय हवा सांगितलेली आहे. त्या वेळी या टायरमध्ये 30 आणि उरलेल्या तिन्हींमध्ये 37 हवा दिसली. हवा भरणाऱ्या मुलाने तिन्हींमधली जास्तीची हवा सोडली, यात थोडी भरली आणि माझ्यासमोर चारही टायर 33 वर आणले.

टायर तीन वर्षांचा आहे, नक्षी भरपूर शिल्लक आहे आणि तो बसलेला मला कधी दिसला नाही. हवेची सूचना देणारा दिवा गाडीत आहे, तोही लागला नव्हता. फुटल्यानंतर पाहिले तेव्हा नक्षीचा पट्टा जवळजवळ अखंड होता, बाजूची भिंत मात्र गोलाकार फाटून सुटली होती. त्याआधी चार-पाच मिनिटे बारीक थरथर जाणवत होती. रस्ता खराब असेल असे समजून मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

आणखी एक गोष्ट मला गोंधळात टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्यापूर्वी उरलेले तिन्ही टायर तपासले, तर प्रत्येकात 29 च हवा होती. तिन्ही एकाच वेळी गळू लागले असतील का? हे टायर ठेवावेत की बदलावेत? आणि फुटलेल्या टायरमध्ये मुळातच दोष होता, असे मानायला जागा आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

सर्वजण सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. तुम्ही आकडे लिहून ठेवलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे.

तिन्ही टायर गळत नाहीत. गाडीसाठी सांगितलेली 33 ही हवा थंड टायरची असते, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजलेली. चालून टायर तापला की आतली हवाही तापते आणि साधारण साडेपाच अंश सेल्सियसमागे एक पीएसआय दाब वाढतो. त्यामुळे थांब्यावर दिसलेले 37 हे अगदी योग्य होते. ते थंड असताना 33 च भरले असते. त्यातून हवा सोडल्यामुळे सकाळी 29 उरली. तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये.

आता फुटलेल्या टायरकडे पाहा. बाकीचे तापून 37 झाले असताना हा तापूनही 30 च होता, म्हणजे सकाळी निघताना त्यात 25-26 च्या आसपासच हवा असणार. सूचनेचा दिवा का लागला नाही, तेही यावरून कळते. अमेरिकेतील नियमाप्रमाणे हवा सांगितलेल्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झाली की हा दिवा लागावा लागतो. 33 चे 25 टक्के वजा केले तर जेमतेम 25 उरतात. तुमच्या गाडीतील दिवाही याच बेताने लागणारा असेल, तर तुमचा टायर त्या रेषेच्या जरासा वर राहून धावत होता. दिवा बंद आहे याचा अर्थ हवा पुरेशी आहे असा होत नाही.

गाडीचे ओझे मुख्यतः टायरमधली हवा पेलते, रबर नव्हे. हवा कमी झाली की जमिनीला टेकलेल्या भागाजवळची बाजूची भिंत जास्त वाकते आणि चाक वर जाताना पुन्हा सरळ होते. तुमच्या गाडीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जवळपास धरला, तर ताशी 90 किलोमीटर वेगाला ही भिंत सेकंदाला बारा-तेरा वेळा, म्हणजे तासाभरात पंचेचाळीस हजार वेळा वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार सतत वाकवली की ती हाताला गरम लागते, तसेच येथे घडते. फरक इतकाच, की रबर उष्णता सहज बाहेर टाकत नाही आणि ती भिंतीत व नक्षीच्या कडेशी, ज्याला टायरचा खांदा म्हणतात तेथे, साठत जाते. आतल्या धाग्यांना रबराशी जोडणारी पकड त्या उष्णतेने सैल होते, धागे एकेक करून थकतात, आणि वेग व ओझे दोन्ही वाढले की भिंत एका क्षणात फाटते. ती थरथर बहुधा त्याचीच सुरुवात होती. अशी थरथर जाणवली की ब्रेक जोरात न दाबता, स्टिअरिंग सरळ घट्ट धरून, वेग आपोआप उतरू देत गाडी कडेला घ्यावी.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर येथे आहे. तुटलेले धागे हवा भरल्याने जुळत नाहीत. झीज आधीच्या दिवसांत झाली होती. थांब्यावर भरलेल्या हवेने फक्त आकडा बरोबर दिसला, आणि तोही तापलेल्या टायरचा असल्यामुळे प्रत्यक्षात कमीच होता. नजरेने अंदाज घेण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण आजचे रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात.

असे असले तरी भिंत गोलाकार फाटलेली दिसते म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. फुटल्यानंतर गाडी थांबेपर्यंत चाक रिकाम्या टायरवर धावते आणि त्यानेही भिंत तशीच फाटते. म्हणून एक खात्रीची तपासणी सुचवतो. फुटलेल्या टायरच्या नक्षीची खोली मध्यभागी आणि दोन्ही खांद्यांजवळ मोजा, आणि उजवीकडच्या मागच्या टायरशी ताडून पाहा. बराच काळ कमी हवेवर चाललेल्या टायरचे दोन्ही खांदे मध्यापेक्षा जास्त झिजतात, आणि ती झीज शेवटच्या काहीशे मीटरमध्ये होऊ शकत नाही.

उरलेले तिन्ही टायर रिमवरून उतरवून आतून पाहून घ्या. भिंतीच्या आत गोल सुरकुती, काळपट-निळसर पट्टा किंवा रबराचा भुगा आढळला, तर तो टायर बाहेरून कितीही नवा दिसला तरी वापरू नका. स्टेपनीचीही हवा तपासा. तिच्याकडे महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काल सगळे मोजून घेतले. फुटलेल्या टायरची नक्षी मध्यभागी 5 मिलिमीटर आणि दोन्ही खांद्यांजवळ 3 मिलिमीटर भरली. उजवीकडचा मागचा टायर सगळीकडे 5 मिलिमीटर आहे. मी आजवर नक्षी फक्त मध्यभागी पाहत होतो.

कारागिराने फुटलेला टायर उलटा करून हलवला, तेव्हा खोडरबराने खोडल्यावर कागदावर पडतो तसा काळा भुगा ओंजळभर बाहेर पडला. त्या चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपी नव्हती, हे मला तेव्हा प्रथमच कळले. नवीन टायर बसवण्याआधी त्याने रिमवर जुन्याच व्हॉल्व्हसह दुसरा टायर चढवून हवा भरली आणि तोंडाशी साबणाचे पाणी लावले; पाच-सहा सेकंदांनी एक बारीक बुडबुडा फुगून फुटायचा आणि लगेच दुसरा धरायचा. तो व्हॉल्व्ह बदलला आहे.

उरलेले तिन्ही टायर आतून स्वच्छ निघाले, ते ठेवले आहेत. आज सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही टायर 33 वर आणले. स्टेपनीत 19 हवा निघाली.