समुद्री तळ: खरी अडचण माल हलवण्याची

समुद्री तळ म्हणजे किनाऱ्यावर तळ न उभारता जहाजांवरूनच फौजेला सगळं पुरवणं. विमानवाहू नौका असली की किनाऱ्यावरच्या तळाची गरज संपते, असं म्हटलं जातं. विमानांपुरतं ठीक. पण उतरवलेल्या फौजेला रोज इंधन, पाणी, दारूगोळा पोचवणं हे वेगळंच काम.

इंधन एका चालत्या जहाजावरून दुसऱ्या जहाजाला देता येतं. दोन्ही जहाजं साधारण १२ ते १६ नॉट (ताशी सुमारे २२ ते ३० किमी) वेगाने, ५० मीटरच्या आसपास अंतर ठेवून समांतर चालतात आणि ताणलेल्या तारेवरून नळी सोडतात. मधल्या पट्ट्यात पाण्याचा दाब घटून जहाजं एकमेकांकडे ओढली जातात, त्यामुळे सुकाणूवर नवखा माणूस चालत नाही. कंटेनर, रणगाडे मात्र अवघड: लाटा सव्वा मीटरपुढे गेल्या की रॅम्प आणि क्रेनचं काम बहुधा थांबतंच.

आणि जहाजात माल भरण्याचा क्रम! आधी लागणारा माल तळाशी दबला की अडलंच. १९८२ च्या फॉकलंड मोहिमेत (दक्षिण अटलांटिकमधली बेटं अर्जेंटिनाकडून परत घेताना) ब्रिटिशांनी जहाजं घाईत भरली. वाटेतल्या असेन्शन बेटापाशी माल काढून पुन्हा रचावा लागला. पुढे २५ मेला 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्र लागून पेटलं, त्यावरची तीन चिनूक (अवजड माल वाहणारी हेलिकॉप्टरं) गेली, हवेत होतं ते एकच वाचलं. अवजड हेलिकॉप्टरं एकाच जहाजावर ठेवली की एका फटक्यात सैन्य पायी चालायला लागतं, आणि तिथे तसंच झालं.