अनुभव धागा: 'धूम पिचक धूम' तुमच्या घरात कसं शिरलं?

मंडळी, दिल्लीच्या 'युफोरिया' बँडचा 'धूम' हा पहिला अल्बम १९९८ मध्ये आला आणि त्यातलं 'धूम पिचक धूम' केबलवर उठताबसता वाजायला लागलं. बँड तोवर दहा वर्षांचा झाला होता. गायक पलाश सेननं तो १९८८ मध्ये मेडिकलला असताना काढला आणि सुरुवातीला ही मंडळी इंग्रजीतच गायची. म्हणजे एका रात्रीत नशीब उघडलं वगैरे काही नाही, भरपूर घासून झालेली होती.

माझं एक म्हणणं आधीच मांडून ठेवते. तेव्हा इंडिपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरचं पॉप, म्हटलं की पुढे एक गायक किंवा गायिका आणि मागे नाचणारी पोरं. वाजवणारी माणसं आपल्या घरातल्या टीव्हीवर चेहऱ्यासकट दिसली ती अशा बँडांमुळे, आणि आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना 'हिंदीत गायलं तरी रॉकच' असं वाटायला लागलं ते या गाण्यानंतर. पटत नसेल तर खुशाल भांडा. फक्त 'काय दिवस होते ते' एवढ्यावर थांबू नका. कुठे ऐकलंत, कोणाबरोबर, स्वतः वाजवलंत का, ते येऊ द्या.

सांगलीचा बेसवाला

पटतंय, कारण त्या पोरांत मीही होतो. आमच्या बँडचा नियम होता: हिंदी गायचं नाही, हिंदी म्हणजे ऑर्केस्ट्रा. मग हे गाणं आलं आणि गॅदरिंगला घ्यायचंच ठरलं. दोन्ही गिटारी जमल्या, ड्रमरही खूश. पण तालमीत गाणं काही उभंच राहीना. ढोलक नाही तर त्या गाण्यात आहेच काय! शेवटी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळातल्या काकांना गळ घातली. त्यांनी टेपवर एकदा ऐकलं आणि म्हणाले, "अरे केरवा तालच आहे की. गिटारचा सूर सांग." मग मांडीवर ढोलकी घेऊन दोरीतल्या एकेक कडीला ताण देत पान चढवत बसले. गाणाऱ्याला पट्टी उंच पडत होती म्हणून आम्ही गिटारी अर्धा सूर उतरवल्या, तर काकांना सगळं पुन्हा लावावं लागलं. न चिडता लावलं.

खरी गंमत स्टेजवर झाली. साउंडवाल्याकडे ढोलकीसाठी माइकच नव्हता. मग बॅकिंगवाल्या मुलीचा माइक काढून खुर्चीच्या पाठीला दोरीनं बांधला, ढोलकीच्या पानावरच्या काळ्या शाईच्या बाजूला तोंड करून. काका धोतर आणि टोपीत, आम्ही फाटक्या जीन्समध्ये. पहिली थाप पडली आणि अख्ख्या हॉलनं ओळखलं. गिटारवर कोणी ओळखलं नव्हतं, हे आमच्या लीडवाल्याला बरेच दिवस झोंबत होतं.

डोंबिवलीची पोर

आमच्याकडे एमटीव्ही आणि चॅनल व्ही ही दोन्ही चॅनलं आईच्या काळ्या यादीत होती. हे गाणं मात्र सुटलं, कारण त्यात बनारस होतं! घाट दिसले की आई हातातली भाजी तशीच ठेवून बाहेर यायची, "बाबांच्या अस्थी इथेच नेल्या होत्या" म्हणायची आणि पूर्ण गाणं बघायची. त्यामागोमाग लागणारी भलतीसलती गाणीही मग आम्ही बघून घ्यायचो.

मिरजेचा माजी होस्टेलाइट

आम्हा एमबीबीएसवाल्यांना पलाश सेनचा भलताच अभिमान. डॉक्टर, त्यात ऑर्थोपेडिक्सवाला, आणि गळ्यात गिटार! घरी 'गाण्याच्या नादानं अभ्यास बुडतो' असं कोणी म्हटलं की आम्ही पलाश सेन पुढे करायचो. वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं: "त्यानं आधी डिग्री घेतली." यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

तिखटमीठ

मी भांडायला आले आहे. मला हे गाणं तेव्हाही कर्कश वाटायचं आणि आताही वाटतं. त्याच वर्षी 'सिल्क रूट' बँडचं 'डूबा डूबा' आलं होतं. मोहित चौहानचा तो आवाज, काही ओरडाआरडा नाही. आमच्या घरी एकीकडे 'गारवा'ची कॅसेट आणि दुसरीकडे ती, बाकी काही लागत नव्हतं. 'धूम'वर लोक नाचले, कबूल. लग्नात बँडवाले वाजवतात त्यावरही लोक नाचतात. त्यानं कोणी रॉकमध्ये आलं असं मला वाटत नाही.

कात्री

मी एडिटिंग करतो, त्यामुळे व्हिडिओबद्दल थोडं. तो दिग्दर्शक प्रदीप सरकारांचा. मूळचे जाहिरातवाले, आणि ते दिसतंच: कमी वेळात माणसं उभी करायची सवय. युफोरियाच्याच 'मायेरी'च्या व्हिडिओत रिमी सेन दिसते, 'कभी आना तू मेरी गली'मध्ये विद्या बालन. २००५ ला सरकारांनी 'परिणीता' केला तेव्हा लोकांना विद्या नवीन वाटली, या धाग्यावरच्यांना वाटली नसेल. सरकार २०२३ मध्ये गेले. माझ्या मते त्या काळातल्या अर्ध्या हिट गाण्यांचं श्रेय व्हिडिओवाल्यांना जातं आणि ते त्यांना कोणी देत नाही. अर्थात हे मी म्हणणारच.

नवीन_सभासद

हे जॉन अब्राहमच्या 'धूम'मधलं गाणं ना?

डोंबिवलीची पोर

नाही रे बाबा. तो पिक्चर २००४ चा. हे सहा वर्षं आधीचं.

मस्कतवाली

इकडे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लेझीम बसवलं होतं, तेव्हा सरावाला कॅसेट एकच आणि तीही कोणीतरी मुंबईहून भरून आणलेली. या गाण्यावर लेझीम चपखल बसतं, करून बघा. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र एका ज्येष्ठांनी आक्षेप घेतला आणि आयत्या वेळी हलगीवर निभावलं. पोरं रडवेली झाली होती.

सांगलीचा बेसवाला

तिखटमीठ, 'डूबा डूबा' आम्हालाही आवडायचं. पण ते स्टेजवर घेऊन बघा. हळू गाणं, पुढे कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतायत, दुसऱ्या कडव्याला माणूस एकटा पडतो. आमच्या बँडनं हा प्रयोग पुढच्या वर्षी केला होता. रॉकमध्ये कोण आलं विचारताय तर ऐका: आमचा ड्रमर आज बँकेत आहे, लीडवाल्यानं गिटार विकून स्कूटर घेतली. पण ढोलकीवाल्या काकांचा नातू कोल्हापुरात बँडमध्ये ड्रम्स वाजवतो आणि हिंदी-मराठी दोन्ही गातो. आता हे गाण्यामुळे की काकांमुळे, ते तुम्ही ठरवा.

तिखटमीठ

काकांमुळे.