पणजोबांचे वडील शोधायचे आहेत: जुने फेरफार, खरेदीखत आणि जनगणना (मोहोळ तालुका)

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मूळ गाव मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठावर, राहणं सोलापूर शहरात. घराण्याची माहिती पणजोबांपर्यंत येऊन थांबते. त्यांच्या वडिलांचं नाव राणू, एवढंच ऐकून माहीत. जमीन किती होती, भाऊ किती होते, काही पत्ता नाही.

हातात तीन कागद आहेत: गट नंबरचा आजचा सातबारा, १९५८ सालच्या वारस फेरफाराची (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदीची) नक्कल आणि राणीच्या छापाचा, कडा झिजलेला एक स्टॅम्प पेपर. तो मोडीत आहे, घरात कुणाला वाचता येत नाही.

गट नंबरवरून मागे जायचं कसं? गावचे तलाठी म्हणतात, इतकं जुनं आमच्याकडं नाही. दुसरं म्हणजे, अमेरिकेत लोक शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत पूर्वजांची नावं घरासकट बघतात. १८८१ किंवा १९०१ ची तशी यादी आपल्या जिल्ह्याची कुठं मिळेल?

जुनंदप्तर

जनगणनेचं आधी सांगतो, कारण लोक तिथंच वेळ घालवतात. तशी यादी आपल्याकडं नाही. आपली पहिली जनगणना १८७२ ची आणि सगळीकडं एकाच वेळी झालेली १८८१ ची. पण माणसांची नावं असलेले तक्ते आकडे काढून झाले की नष्ट केले जात. उरले ते छापील अहवाल: तालुक्याची लोकसंख्या, जातवार आकडे (१९३१ पर्यंत), घरांची संख्या. त्यात राणू सापडणार नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ तर असं आहे, की वैयक्तिक नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

अपवाद एकच, १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गाववार, घरवार ते तयार केलं होतं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, व्यवसाय असं त्यात असतं. काही तहसीलच्या अभिलेख कक्षात ते शिल्लक आहे, काही ठिकाणी वाळवीनं खाल्लंय. तुमच्या पणजोबांची पिढी त्यात म्हातारी म्हणून दिसू शकते, आणि वयावरून जन्माचा अंदाज बांधता येतो. मात्र पाच-दहा वर्षांचा फरक धरूनच चाला. जुनी वयं ४०, ५०, ६० अशी गोल सांगितलेली असतात.

आता जमीन. शोध राणूंपासून सुरू करू नका, आजच्या सातबाऱ्यापासून मागं सरका. गट नंबर एकत्रीकरण योजनेत, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करताना पडले (१९४७ चा तुकडेबंदी कायदा, योजना गावागणिक वेगवेगळ्या वर्षी लागू झाली). त्याआधी सर्व्हे नंबर होते. जोड लागते ती एकत्रीकरणाच्या ९(३)-९(४) च्या उताऱ्यात. तो तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडं मागा. एक खबरदारी: योजनेत तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. आजचा गट म्हणजे राणूंचंच रान असेल असं धरून चालू नका.

सर्व्हे नंबर हाती आला की त्याचा जुना हस्तलिखित सातबारा काढा. नावाशेजारी गोलात आकडा असतो, तो फेरफार नंबर. कंस केलेलं नाव म्हणजे त्या माणसाचा हक्क तिथं संपला. तुमच्या १९५८ च्या फेरफारात जो मयत दाखवलाय, तो स्वतः कुठल्या फेरफारानं आत आला तो नंबर घ्या आणि फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६ (जुन्या भाषेत ड पत्रक), त्या नंबरला उघडा. तिथून त्याच्या आधीचा. अशी साखळी हक्कनोंदणीच्या पहिल्या नोंदींपर्यंत जाते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, गावोगाव पत्रकं तयार व्हायला पुढची काही वर्षं गेली.

वारस फेरफार साधारण असा असतो (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, वर्दी म्हणजे खबर): "तुका बिन राणू हे सुमारे पाच वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे १) … २) …, पत्नी सखू कोम तुका. सदर वर्दी अमक्यानं दिली. नोटीस बजावली, हरकत नाही, मंजूर." यात घसरायच्या जागा तीन. नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कर्ज काढायची किंवा विकायची वेळ आली की मगच लोक वर्दी द्यायचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदीत मुली बहुधा नसतातच, म्हणून "त्यांना मुली नव्हत्या" असं लिहून मोकळं होऊ नका. आणि "ए.कु.क." असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. एकट्याचं नाव दिसलं तरी मागं तीन भाऊ असू शकतात.

भाऊ किती होते हे आणेवारीतून, म्हणजे आणे-पैत लिहिलेल्या हिश्श्यातून निघतं. पूर्ण नंबर म्हणजे एक रुपया, सोळा आणे. आणा बारा पैचा. नावापुढं ०-५-४ असेल तर पाच आणे चार पै, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा: तीन भाऊ. ०-२-८ म्हणजे सहावा हिस्सा, त्या तिघांपैकी एकाची दोन मुलं. ०-१-४ दिसला तर आणखी एक पिढी फुटली. नावं पुसली गेली असली तरी या आकड्यांवरून वंशावळीचा सांगाडा उभा राहतो.

हक्कनोंदणीच्या मागं जायचं तर पुन्हा भूमी अभिलेख. पहिल्या बंदोबस्ताचं (जमीन मोजून सारा ठरवला त्या वेळचं) फैसलपत्रक आणि फेरमोजणीचं शेतवार पत्रक मागा. आपल्या भागात पहिला बंदोबस्त १८४० च्या आसपासचा, मुदत तीस वर्षं, म्हणजे फेरमोजणी साधारण १८७० च्या दशकात. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार (सारा) आणि खातेदाराचं नाव मिळतं. कसणारा वेगळा असेल तर त्याचं नाव येत नाही.

बार्शी_लाइट

जुनंदप्तर यांनी गाव कुठल्या दप्तरात शोधायचं ते राहून गेलं. १८८४ च्या गॅझेटियरात सोलापूर जिल्ह्याचे तालुके सातच आहेत: बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, पंढरपूर, सांगोला, सोलापूर. मोहोळ तेव्हा माढ्यात. मोहोळच्या कचेरीत "नाही" म्हणाले म्हणून फाइल मिटवू नका, माढा, पंढरपूर आणि उत्तर सोलापूर, तिन्हीकडं गावाच्या नावानं विचारा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: अक्कलकोट संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, दोन्ही १९४८ नंतर जिल्ह्यात आले. तिथं ब्रिटिश फैसलपत्रक शोधत बसण्यात अर्थ नाही. निजामाच्या मुलखातून आलेली जी गावं आहेत तिथले जुने कागद उर्दूत, बापाचं नाव "वल्द" लावून आणि साल फसली (जुनं महसुली साल). करमाळा-माढ्यात उजनी धरणाखाली गेलेल्या गावांना मात्र एक बरं आहे: भूसंपादनाच्या निवाड्यात त्या वेळचे सगळे हिस्सेदार वारसांसकट एका जागी लिहिलेले असतात.

घराण्याकडं पाटीलकी, कुलकर्ण, महारकी, गुरवकी असं काहीही वतन असेल तर आधी ते पाहा. १८७४ च्या वतन कायद्याखालची रजिस्टरं आणि त्याआधीच्या इनाम चौकशीच्या कैफियती (लेखी निवेदनं) यांत वंशावळ जोडावीच लागायची. साध्या रयतेच्या कागदात चार पिढ्या एकत्र सहसा मिळत नाहीत. वतनदाराच्या मिळतात, कारण भाऊबंदांचं भांडण ठरलेलं.

सीनाकाठ

दोघांचेही आभार. मोडी वाचणाऱ्या एका काकांकडून स्टॅम्प पेपरच्या चार ओळी लावून घेतल्या. "शके १८" वाचता येतं, पुढचे दोन आकडे घडीवर गेलेत. पुढं "सर्वधारी नाम संवत्सरे". नाव "राणू बिन येसू", आणि मथळा "मुदत खरेदीखत". म्हणजे राणूंनी जमीन विकली होती असं समजायचं का? मग ती आज आमच्याकडं कशी?

शिरस्तेदार

साल निघतं की ओ. संवत्सरांची नावं साठ वर्षांनी फिरून येतात. शके १८०० ते १८९९ मध्ये सर्वधारी दोनदाच येतो, १८१० आणि १८७०. पहिल्याचं इसवी १८८८-८९, दुसऱ्याचं १९४८-४९. छाप राणीचा आहे म्हणजे शके १८१०. शकात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातली मिती असेल तर बहुधा ७९. खाली फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवून ताळा करा, जूननंतरचा कागद असेल तर १२९८ यायला हवं. कागदाची पाठही बघा. स्टॅम्प विकणाऱ्याचा शेरा तिथं असतो: कोणाला विकला, किती तारखेला.

विकली असं लगेच समजू नका. मुदत खरेदी म्हणजे नावाला खरेदी आणि व्यवहारात गहाण: अमुक वर्षांत रक्कम फेडली तर जमीन परत. फेडल्यावर कधी परत-खरेदीखत व्हायचं, कधी मूळ कागद नुसताच परत मिळायचा. मूळ कागद तुमच्याच घरात आहे, म्हणजे फेड झाली असण्याचा संभव मोठा. कडेला किंवा पाठीवर "भरून पावलो" अशा अर्थाची ओळ आहे का ते काकांना बघायला सांगा.

आणखी एक. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९ चा, आणि तो ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला त्यात सोलापूर होतं (बाकीचे पुणे, सातारा, नगर). त्यात शेतकऱ्यानं लिहून दिलेला दस्त ग्राम-निबंधकासमोर करायची तरतूद होती. १८८८ च्या कागदावर तशी सही-शिक्का दिसला, तर दुय्यम निबंधकाच्या नेहमीच्या बुकात तो दस्त सापडला नाही म्हणून आश्चर्य नको. सह जिल्हा निबंधकांकडं चौकशी करा. साधा नोंदणीकृत असेल तर बुक नंबर १, आणि शोध सूचीतून: सूची १ नावांची, सूची २ मिळकतीची. तुम्ही सूची २ पासून जा, गाव आणि सर्व्हे नंबर धरून. जुन्या कागदात आडनाव क्वचितच असतं, "राणू" एकाच गावात चार निघतील, आणि तोच माणूस दुसऱ्या कागदात राणोजी, तिसऱ्यात राणबा असतो.

दस्त हाती आला की नुसती रक्कम बघून ठेवून देऊ नका. "लिहून देणार राणू बिन येसू, वय वर्षे अमुक, धंदा शेती, राहणार मौजे अमुक" इथं वय मिळतं. मग चतुःसीमा वाचा. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस ज्यांची रानं लिहिलीत त्यात कुणी "बिन येसू" असेल तर तो राणूंचा भाऊ असण्याची शक्यता दाट, कारण वाटणीची रानं बांधाला बांध लागूनच असतात. साक्षीदारांतही भावकी असते.

जुनंदप्तर

शिरस्तेदारांनी बरोबर सांगितलंय. फक्त चतुःसीमेवरून भाऊ ठरवण्याआधी आणेवारीशी मेळ घाला; येसू नावाचेही दोन असतात. आणि १८७६-७८ च्या दुष्काळात आपल्या भागात अनेकांनी रान सोडलं. तेव्हा खातेदार सरकारला "राजीनामा" द्यायचा आणि नवा माणूस "कबुलायत" करून तेच रान घ्यायचा. एखाद्या नंबरावर अचानक परकं नाव दिसलं तर खरेदीखत शोधत बसू नका, तसा दस्त झालेलाच नसतो.

पूर्वभाग_पेठ

जमिनीच्या कागदांतून मृत्यूची तारीख निघत नाही, त्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४). बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात, मोडीत. मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय, कारण असतं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून थोरल्या मुलाची नोंद आईच्या गावच्या बुकात सापडते. आपल्या गावात शोधून दमलेले लोक हेच विसरतात. पणजोबांसाठी जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टरही बघा.

गावाकडं हेळवी (वंशावळी सांगत फिरणारे लोक) येतात का विचारा. त्यांच्या वह्यांत घराण्याच्या पिढ्या असतात. कचेरीत पुरावा म्हणून ते कितपत धरतील हे वेगळं, पण येसूंच्या बापाचं नाव मिळालं तर फैसलपत्रकात कुणाला शोधायचं ते तरी कळेल.

बार्शी_लाइट

अर्जाचं सांगून ठेवतो. "आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रे मिळावीत" असा अर्ज केला की "बोध होत नाही" असा शेरा मारून परत येतो. एका अर्जात एकच गाव, एकच सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि सालाची चौकट: "मौजे अमुक, स.नं. अमुक, फेरफार नोंदवही, सन १९१० ते १९३०." आधी महसूल खात्याच्या आपले अभिलेख संकेतस्थळावर तुमचं गाव चढलंय का बघा; असेल तर निम्मे हेलपाटे वाचतात. कचेरीत दाद लागली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून नकलेऐवजी अभिलेख तपासणी मागा. फेरफाराची वही स्वतः उलटताना शेजारच्या पानावरचा भाऊबंद दिसतो, तो नकलेत येत नाही. कागद खरोखरच नसेल तर तोंडी उत्तरावर येऊ नका. अभिलेख उपलब्ध नसल्याचं लेखी घ्या, पुढच्या कचेरीत तेच आधी मागतात.

आणि त्या मोडी कागदाला लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही लावू नका. घडी उघडी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घडीवरचे ते दोन आकडे तिरप्या उजेडात लागतील, शाई उडाली तरी बोरूचा ओरखडा राहतो.