सासवड-जेजुरी पालखी मार्गाच्या कडेने सायकल + चालायचा ट्रॅक, कसा असावा?

करहाकाठ:
नमस्कार मंडळी. पालखी महामार्गाचं (राष्ट्रीय महामार्ग ९६५) नोव्हेंबर २०२१ मध्ये पंढरपुरात भूमिपूजन झालं तेव्हाच सांगितलं होतं की दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळा पायी मार्ग असणार. आता आमच्या सासवडच्या ग्रुपचं म्हणणं असं की वारी वर्षातून एकदा, सासवडला दोन मुक्काम की पुढे जेजुरी, मग एरवी ती पट्टी टपऱ्या आणि पार्किंगला आंदण द्यायची का? सासवड ते जेजुरी सतरा किमीच्या आसपास, फार चढ नाही, उजवीकडे पुरंदर-वज्रगड, मधे अंजीर-सीताफळाच्या बागा आणि शेवटी खंडोबाचा गड. पुण्याचे सायकलवाले दिवेघाट चढून येतात, मिसळ हाणतात आणि माघारी जातात, त्यांना पुढे यायला कारण मिळेल. आमच्या बायामाणसांना पहाटे चालायला जागा मिळेल ते वेगळंच. निवेदन द्यायचंय. रुंदी किती मागायची? सायकल आणि चालणारे एकत्र चालतील का? ग्रुपमधला एक जण हैदराबादच्या आउटर रिंग रोडलगतच्या सायकल ट्रॅकसारखं डोक्यावर सोलरचं छप्पर मागू म्हणतोय, त्याला कसं आवरू तेही सांगा 😀

साइटवरचा:
छप्पर सोडा. हैदराबादचा ट्रॅक २३ किमी आहे, साडेचार मीटर रुंद, पण तो रिंग रोडच्या कडेला आहे जिथे मधेच कोणाच्या शेताचा रस्ता येत नाही. तुमच्याकडे दर थोड्या अंतरावर पंप, ढाबा, रसवंती, मंगल कार्यालय, आणि प्रत्येकाला हायवेवरून आत यायला कट पाहिजे. ट्रॅक मरतो तो तिथे. कटला ट्रॅक खाली उतरवून परत चढवला की सायकलवाला वैतागून हायवेवरच जातो. उलट करा, ट्रॅक त्याच उंचीवर सरळ न्या आणि गाडीला त्यावरून चढून जायला लावा, आपोआप स्लो होते. चालायला १.८ मीटर मोकळी जागा हे कमीत कमी, त्यात खांब, झाड, बोर्ड काही धरायचं नाही, आणि दोन्ही दिशांच्या सायकलींना निदान तीन मीटर वेगळे. गटारावरच्या जाळ्या बघाच, पट्ट्या रस्त्याच्या दिशेत असल्या की पातळ टायर बरोबर फटीत जातो. आडव्या पट्ट्यांची जाळी पाहिजे असं निवेदनात स्पष्ट लिहा. आणि जेजुरीजवळच्या नाझरे धरणाच्या पाण्याकडेने न्यायचा मोह झाला तर आधी परवानग्यांचं बघा, पवई तलावाचा सायकल ट्रॅक हायकोर्टाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, झालेलं कामही काढायला सांगितलं.

टाळकरी:
राम कृष्ण हरी. माऊली, राग मानू नका पण ही पट्टी 'रिकामी' नाहीये. आषाढीच्या वाटेवर दुपारी डांबर असं तापतं की अनवाणी चालणारी म्हातारी माणसं कडेची माती शोधत जातात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांना खाली बघताही येत नाही. तिथे तुम्ही सायकलसाठी गुळगुळीत रंगीत कोटिंग मारणार, पाऊस पडला की घसरायचं. शिवाय मोटरसायकली येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब ठोकतात, त्यातून रथ सोडा, दिंडीची हातगाडी तरी जाईल का? खांब काढता येतील असे ठेवा. आणि झाडं वड-पिंपळ-लिंबाचीच लावा, ती शोभेची पाम नकोत, त्याच्या सावलीत मांजरसुद्धा बसत नाही.

पोर्टलंडचा पुणेकर:
इकडे ओरेगॉनमध्ये कोलंबिया नदीच्या कडेने १९२२ मध्ये पूर्ण झालेला जुना घाटरस्ता होता, नंतर शेजारून मोठा हायवे आला आणि जुन्याचे तुकडे पडले. तेच तुकडे जोडून आता फक्त सायकल आणि चालणाऱ्यांसाठी वाट केलीय. मोझियरचे जुळे बोगदे दगडमातीने बुजवलेले होते, ते उकरून २००० मध्ये उघडले. मी मुलांना घेऊन जातो. जिथे वाट हायवेला चिकटून आहे तिथे आवाजाने डोकं उठतं, कोणी थांबत नाही. जुन्या रस्त्यावर वळली की लोक डबे काढून बसतात. तुमच्याकडेही वळणं सरळ केली असतील तिथे जुन्या डांबराचे तुकडे उरले असतील, आधी ते शोधा. सगळे सतरा किमी हायवेच्या कुशीत घालायचा हट्ट नको.

करहाकाठ:
@टाळकरी शब्द मागे, 'रिकामी' नाही म्हणत. खांबांचं आणि झाडांचं तुमच्याच शब्दात लिहितो. जुन्या वळणांचं डोक्यातच नव्हतं, पण ते तुकडे आता कोणाच्या नावावर?

साइटवरचा:
बहुतेक ठिकाणी सरकारीच असतात पण शेजारच्याने कडबा रचलेला असतो 😄 तलाठ्याकडे नकाशा आणि सातबारा बघा, मग मोजणी. हे आधी करा, निवेदन नंतर. नुसतं निवेदन दिलं की पेव्हर ब्लॉक बसवून फोटो काढून मोकळे होतील.