दोन वर्षं पोटात दुखतंय आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, आता कुणाकडे जाऊ?

उन्हातली_सावली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. वय ३६. गेली सव्वादोन वर्षं पोटात उजवीकडे, बेंबीच्या जरा बाजूला आणि खाली दुखतं. रोज नाही. पंधरा पंधरा दिवस काहीच नसतं, मी विसरूनही जाते, आणि मग एक दिवस असं धरतं की सरळ उभं राहता येत नाही, कधी दोन तास, कधी अख्खा दिवस. खाण्याशी संबंध लावून बघितला, लागत नाही. सोनोग्राफी तीनदा, सीटी एकदा, एन्डोस्कोपी एकदा, रक्त-लघवी किती वेळा ते मोजणं सोडलंय. सगळं नॉर्मल. पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी सांगितली, दुसऱ्यांनी अपेंडिक्सचा संशय घेतला आणि सीटी बघून सोडला, तिसऱ्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" खाली येऊन जिन्यात बसून रडले त्या दिवशी.
रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश होतात आणि मला आतून वाईट वाटतं, असं होतं का कुणाला? काहीतरी निघू दे एकदाचं असं वाटायला लागलंय. पुढे काय करू ते अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

घड्याळात_बारा
आधी हे सांगा: वजन आपोआप कमी झालंय का, शीवाटे रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, ताप, दुखण्याने झोपेतून जाग, हिमोग्लोबिन कमी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? यातलं एक जरी हो असेल तर इथे उत्तरांची वाट बघत बसू नका. आणि पोट फळीसारखं कडक झालं, उलट्या थांबेनात, शी आणि वारा दोन्ही बंद झालं, किंवा पाळी चुकलेली असताना असं जोरात दुखलं तर रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीत जायचं.

उन्हातली_सावली
वजन उलट वाढलंय :) बाकी सगळ्याला नाही.

मधलं_पान
ताई, राग मानू नका पण टेन्शननेही होतं असं. माझ्या वहिनीला तेच होतं, प्राणायाम सुरू केला आणि थांबलं.

पाटीपेन्सिल
हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. मधलं_पान, टेन्शनने आतडं बिथरतं हे खरंच आहे, मेंदू आणि आतड्याचं सारखं बोलणं चालू असतं, पण रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणून टेन्शन, असा हिशोब नसतो. मला स्वतःला आयबीएस आहे, म्हणजे आतड्याचं काम बिघडतं पण तपासण्यांत काही दिसत नाही. त्याचेही निकष आहेत, २०१६ साली सुधारलेले: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी दुखणं, आणि ते शीला जाण्याशी, किती वेळा होते त्याच्याशी किंवा पातळ-घट्ट होण्याशी जोडलेलं, यातलं निदान दोन, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. सावलीताई, तुमच्या पोस्टमध्ये शीचा विषयच नाहीये, तेव्हा कुणी घाईघाईने हे लेबल चिकटवलं तर विचारा कशावरून म्हणून. माझी आधी शीची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट केली होती, आतड्याला सूज आहे का ते त्यात कळतं, मग अ‍ॅमिट्रिप्टिलिन अगदी छोट्या डोसमध्ये दिलं. डिप्रेशनचं औषध म्हणून आधी अपमान वाटला होता :D पण त्या डोसला ते दुखण्याच्या नसांवर काम करतं. मला फरक पडला.

कडू_गोड
माझा किस्सा वेगळा आहे पण कामाला येईल. गव्हाने त्रास होतो असा मला संशय आला म्हणून मी शहाणपणा करून गहू बंद केला आणि तीन महिन्यांनी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होतं तो आजार) रक्ततपासणी केली, निगेटिव्ह. झालं, तो विषय संपला असं सगळ्यांनीच धरलं. दीड वर्षाने एका डॉक्टरीणबाईंनी डोक्यावर हात मारला, अहो ग्लुटेन खाणं चालू असतानाच ही टेस्ट करायची असते! पुन्हा खायला लावलं, पुन्हा टेस्ट, पॉझिटिव्ह. म्हणजे टेस्ट नॉर्मल आली यापेक्षा ती कधी केली हे जास्त बघा. एच पायलोरीची (जठरातला एक जंतू) श्वासाची टेस्ट असेल तर अ‍ॅसिडिटीची गोळी साधारण दोन आठवडे आधी बंद लागते, तेही डॉक्टरांना विचारून. लायपेज (स्वादुपिंडाची टेस्ट) आणि लिव्हरचं रक्त दुखत असताना दिलं तर उपयोग, बरं वाटल्यावर आठवड्याने दिलं तर काय डोंबल दिसणार. तुमच्या तीन सोनोग्राफ्यांपैकी एक तरी दुखत असताना झालीय का?

उन्हातली_सावली
नाही!! तिन्ही वेळा अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबलेलं होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं.

सोनचाफा
पाळीच्या तारखांशी ताडून बघितलंत का? मला एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) निघालं, सहा वर्षांनी, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये. त्याआधीच्या सगळ्या सोनोग्राफी स्वच्छ होत्या, कारण पातळ ठिपके त्यात दिसत नाहीत कित्येकदा. आणि दुखणं फक्त पाळीतच येतं असंही नाही, माझं नंतर नंतर केव्हाही यायचं, त्यामुळे मलाही शंका आली नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच, आणि संबंधाच्या वेळी किंवा शीला जाताना दुखत असेल तर न लाजता सांगा, लाजण्यात माझी दोन वर्षं गेली.

जुनी_सायकल
उशिरा येतोय. सावलीताई, एकच विचारतो, दुखतं ती जागा तळहाताने दाखवता की एका बोटाने?

उन्हातली_सावली
एका बोटाने. अगदी इथेच म्हणून.

जुनी_सायकल
मग हे वाचा. उताणं झोपून त्या जागेवर बोट दाबून ठेवायचं, आणि हात न टेकता डोकं आणि खांदे उचलायचे, म्हणजे पोट ताठ होतं. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठ स्नायूंच्या आड ते सहसा कमी होतं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर पोटाच्या भिंतीचं असू शकतं. याला कार्नेटची खूण म्हणतात, १९२६ सालची आहे, मशीन लागत नाही की काही नाही.
माझं तसंच होतं. कातडीकडे येणारी बारीक नस पोटाच्या उभ्या स्नायूतून बाहेर पडते तिथे आवळली जाते, आणि ती कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही कारण स्कॅन करणारे आत बघत असतात आणि भानगड भिंतीत असते. त्या जागेवरची कातडी चिमटीत धरली की दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झोंबायची मला. मला तर पोटाच्या डॉक्टरांनी नाही, पेन क्लिनिकवाल्यांनी ओळखलं. तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात, दुखणं गेलं तर निदान पक्कं आणि उपचारही सुरू. मला तीन इंजेक्शनं लागली. काहींचं तेवढ्यावर भागत नाही, नस कापतात. पण घरी करून स्वतःच निकाल लावू नका, डॉक्टरांना करायला सांगा.

घड्याळात_बारा
+१. आणि तोपर्यंत ब्रुफेन-डायक्लोफेनॅक मनाने चघळू नका, त्याने पोटात अल्सर होऊन बसतो आणि मग मूळ दुखणं कोणतं तेच कळत नाही.

उन्हातली_सावली
पाच आठवड्यांनी अपडेट. सगळ्यांचं वाचून एक वही केली: तारीख, किती वाजता, कुठे, किती वेळ, आधी काय करत होते, शी, पाळीचा कितवा दिवस. सर्जनकडे गेले आणि पहिल्यांदाच फाईलऐवजी वही पुढे केली, ती त्यांनी पाच मिनिटं वाचली. सात वेळा दुखलं त्यातले पाच वेळा वजन उचललं होतं किंवा बराच वेळ वाकून काम केलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाबरत घाबरत कार्नेटचं नाव काढलं तर म्हणाले झोपा बघू. डोकं उचललं आणि मी ओरडलेच. तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत दुखणं गायब, संध्याकाळी परत आलं. मी हिरमुसले तर फोनवर म्हणाले अहो आलं ते बरंच झालं, औषध उतरलं की येणारच, जागा बरोबर सापडली याचाच हा पुरावा. पुढचं इंजेक्शन तीन आठवड्यांनी.
सोनचाफा, पाळीचा रकाना चालूच ठेवलाय, स्त्रीरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट सोमवारी आहे. तीही रद्द नाही करत.

मधलं_पान
ताई, त्या टेन्शनवाल्या पोस्टबद्दल सॉरी हं.

उन्हातली_सावली
अहो नाही, प्राणायामही करतेय. फक्त उठताना कुशीवर वळून उठते आता :)